आयर्लंडमध्ये माउंटन बाइक: पहिल्या सहा किलोमीटरपासून बालीहूराच्या मोठ्या फेरीपर्यंत

सह्याद्रीत सायकल चालवलेल्या माणसाला आयर्लंडचे डोंगर पाहून सुरुवातीला वाटतं, या तर टेकड्याच आहेत. आकडेही तेच सांगतात. डब्लिनच्या डोक्यावरचा थ्री रॉक ४४४ मीटर, बालीहूरा रांगेतला सीफिन ५२८ मीटर, स्लीव्ह ब्लूमचं सर्वांत उंच टोक आर्डेरिन ५२७ मीटर. आपला सिंहगड यांच्या दुपटीहून उंच. मीही पहिल्या वर्षी याच हिशेबाने निघालो होतो. मध्यम अवघड ट्रेल, साधा उतार, वेगही फार नव्हता. एका वळणावर स्प्रूस झाडाचं ओलं मूळ तिरकं आलं, मी नेमका तिथेच पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल अंगाखालून निघून गेली. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. तेव्हापासून इथे नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी मित्राला मी सांगतो की उंचीचा विचार सोड, आधी जमीन ओळखायला शीक. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

आधी जमीन ओळखा

आयर्लंडमध्ये वर्षातून किती दिवस पाऊस पडतो? पूर्व किनाऱ्याकडे साधारण १५०, पश्चिमेच्या काही भागांत २२५ पर्यंत. आपल्यासारखे चार महिने कोसळून मग आठ महिने उघडीप, असा प्रकार नाही. बारा महिने थोडा थोडा, बारीक, आडव्या वाऱ्याचा पाऊस. त्यामुळे जमीन कधी पूर्ण वाळतच नाही. ट्रेल कोरडा होईल तेव्हा जाऊ, असं ठरवलंत तर सायकल घरातच राहील.

डोंगरमाथ्यावर पीट असतं. हजारो वर्षं कुजत साचलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. त्यात चाक गेलं की अर्धं आत रुतलंच म्हणून समजा. म्हणून इथले चांगले ट्रेल मुद्दाम बांधलेले असतात. खाली दगडाची खडी दाबून बसवलेली, बाजूला पाण्याला वाट काढून दिलेली, आणि जिथे पीट फारच खोल तिथे लाकडी फळ्यांचा अरुंद पूल, म्हणजे बोर्डवॉक. असे ट्रेल पावसातही चालवता येतात. ट्रेल सोडून बाजूला गेलात की दलदल सुरू.

जंगलात बहुतेक झाडं सिटका स्प्रूसची. मूळचं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे झाड इथल्या ओल्या जमिनीत मुळं खोल सोडत नाही, ती वरच्यावर पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्या चाकांनी साल निघाली की आतलं लाकूड ओल्या साबणासारखं निसरडं होतं.

दगडातही फरक आहे. डब्लिन आणि विकलोचे डोंगर ग्रॅनाइटचे. ग्रॅनाइट ओला असला तरी खरखरीत असतो, टायर धरतो. पण त्याची बारीक रेती ब्रेकच्या पॅडमध्ये शिरून पॅड खाऊन टाकते. बालीहूरा आणि स्लीव्ह ब्लूमकडे तांबडा वालुकाश्म, त्यावर शेवाळ आलं की पाय ठेवतानाही जपावं लागतं. आपल्या मुरुमावर, सुक्या धुळीवर चाक घसरतं ते हळूहळू, अंदाज देत. इथे मुळावरून घसरतं ते एका झटक्यात, म्हणून सवयी बदलाव्या लागतात.

कुठे चालवता येतं, कुठे नाही

दिसली वाट की घुसव सायकल, असं इथे चालत नाही. आयर्लंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवरून जायचा सरसकट हक्क कायद्याने मिळालेला नाही. कुंपणापलीकडची मेंढ्यांची कुरणं ही शेतकऱ्याची खासगी जमीन, आणि तो तिथे फिरू देतो तो त्याचा चांगुलपणा. विकलो माउंटन्स नॅशनल पार्कमधल्या पायवाटा चालणाऱ्यांसाठी आहेत, विकलो वे या लांब पायवाटेचंही तेच. तिथे सायकल घालू नका.

आपल्यासाठी खरी सोय क्विल्च्याने केली आहे. क्विल्च्या ही १९८९ मध्ये स्थापन झालेली सरकारी वन कंपनी. तिच्या जंगलांत आखून दिलेल्या ट्रेलवरच माउंटन बाइकला परवानगी असते. कोणी हौसेने परस्पर काढलेल्या वाटाही दिसतील, त्या टाळा. तिथे पडलात तर कुठे पडलात हे सांगणंही अवघड जातं, आणि अशा वाटांमुळे जमीनमालकाचं मन फिरलं की अधिकृत ट्रेलचंही नुकसान होतं.

एक गोष्ट भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट लक्षात ठेवावी. रॉस्ट्रेव्हर, कासलवेलन, डावा फॉरेस्ट हे सुंदर ट्रेल उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहेत. रस्त्यावर सीमा कुठे संपली ते कळतसुद्धा नाही, फक्त पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात. पण डब्लिनमध्ये नोकरी आणि राहण्याची परवानगी असली तरी तिकडे जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. भारतातून पर्यटक म्हणून येणार असाल तर व्हिसावर बीआयव्हीएस, म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना, असा शेरा आहे का बघा. तो असेल तर ठरलेल्या अटींवर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं.

ट्रेलचे रंग

हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, मग लाल, मग काळा. हिरव्यावर शाळकरी मूलही जाईल. निळ्यावर वळणं आणि छोटे चढउतार. लाल म्हणजे अरुंद वाट, दगडगोटे, मुळं, पायऱ्यांसारखे उतार. काळा म्हणजे चूक झाली तर हाड मोडेल असा. काही ठिकाणी रंग फेरीची ओळख म्हणूनही वापरलेला असतो, काठिण्य वेगळं लिहिलेलं असतं. म्हणून बाणाच्या रंगावर विसंबू नका, सुरुवातीचा फलक उभं राहून पूर्ण वाचा. दोन मिनिटं लागतात.

माझं स्पष्ट मत: भारतात कितीही सायकल चालवलेली असो, इथले पहिले तीन दिवस निळ्यावरच. लाल ट्रेलवर घाबरत, ब्रेक धरून उतरलेला माणूस काही शिकत नाही, फक्त दमतो.

सायकल

पहिल्या दोनतीन वेळा भाड्याने घ्या. मोठ्या ट्रेल सेंटरजवळ सायकली भाड्याने मिळतात, पण हिवाळ्यात रोज दुकान उघडं असेलच असं नाही, आधी फोन करा. घेताना पुढचा मागचा ब्रेक दाबून बघा. एक बोट पुरेसं असलं पाहिजे. लिव्हर हँडलपर्यंत येत असेल तर दुसरी सायकल मागा. आणखी एक तपासा. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि आयर्लंडमध्येही सहसा तसाच असतो, पण युरोपातून आणलेल्या सायकलवर उलटं असू शकतं.

विकत घ्यायची असेल आणि तुम्ही इथे नोकरीला असाल तर सायकल टू वर्क योजनेबद्दल कंपनीत विचारा. २००९ पासून ही करसवलत आहे. साध्या सायकलसाठी १,२५० युरोपर्यंत, इलेक्ट्रिक सायकलसाठी १,५०० युरोपर्यंत, चार वर्षांतून एकदा. सायकल मुख्यतः कामावर जाण्यासाठी वापरायची, ही अट आहे, ती पाळता येत असेल तरच घ्या. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, म्हणजे हार्डटेल, नवख्याला भरपूर झाली. हार्डटेल चुका लपवत नाही, त्यामुळे शिकणंही पक्कं होतं.

टायरमधली हवा ही फुकटची सुधारणा आहे आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. डांबरी रस्त्याच्या सवयीने टायर टणक भरतात, मग ते मुळावरून उडतात. वजन सत्तर-पंचाहत्तर किलो आणि टायर २.३ इंचांच्या आसपास, ट्यूबलेस असेल, तर पुढे २१ ते २३ पीएसआय आणि मागे २४ ते २६ पासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर तीनचार पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पुढच्या टायरच्या गुट्ट्या ठसठशीत हव्यात. पैसे एकाच टायरला पुरत असतील तर नवा टायर पुढे टाका.

गाडीच्या मागे सायकल रॅक लावलात आणि नंबर प्लेट झाकली गेली, तर रॅकवर दिव्यांसकट दुसरी प्लेट लावावी लागते. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, यासाठी थांबवू शकतात.

अंगावर आणि पाठीवर

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. सुती कपडा भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो, आणि इथे जुलैतही डोंगरावर वारा बोचरा असतो. आत घाम टिपणारा पातळ थर, वर पावसाचं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याला पॅड, आणि डोक्याला मागून खाली उतरणारं हेल्मेट. डोळ्यांवर पारदर्शक चष्मा घाला, कारण पुढच्या चाकाचा चिखल सरळ डोळ्यांत येतो.

पाठपिशवीत ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, षटकोनी किल्ल्यांचा संच, चेन तोडायचं हत्यार, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, आणि तुमच्या सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा. या शेवटच्या वस्तूचं महत्त्व मी एका लांब फेरीवर शिकलो. एक दगड उडाला आणि हँगर मोडून डिरेलर चेनला लोंबायला लागला. बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा जवळ नसल्यामुळे सायकल ढकलत दोन तास चालावं लागलं, तेही अंधार पडत असताना. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, वेळेवर दुकानात मिळत नाही. आजच एक जास्तीचा मागवून पिशवीच्या तळाशी टाका.

खायला काहीतरी दाट घ्या. मी शेंगदाण्याची चिक्की आणि गूळपोळी नेतो. थंडीत ती कडक होते पण मोडत नाही, आणि ओल्या हातमोज्यांतूनही धरता येते.

गाडीतळावर अर्धा तास

ट्रेलवर जायच्या आधी सपाट जागी हे करून घ्या.

पहिलं, उभं राहणं. सीट खाली करा, पेडल जमिनीला समांतर ठेवा आणि सीटवरून उठा. वजन पायांवर, टाचा थोड्या खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली, छाती पुढे. हातांवर वजन नको. हात हँडलवर इतके हलके हवेत की बोटं हलवून बघता आली पाहिजेत. उतारावर सीटवर बसून राहणं ही आपल्याकडच्या रायडरची सगळ्यात जुनी सवय, आणि तीच सगळ्यात महागात पडते.

दुसरं, ब्रेक. जमिनीवर एक दगड ठेवा. वेगात या आणि दगडाच्या आधी वेग कमी करून, दगडाजवळ दोन्ही ब्रेक पूर्ण सोडून पुढे जा. दहा वेळा करा. ट्रेलवर मूळ दिसलं की हेच करायचं आहे: आधी ब्रेक, मुळावर ब्रेक सुटलेले. फिरतं चाक मुळावरून निघून जातं, अडवलेलं चाक मुळाच्या कलाने घसरतं. मूळ शक्यतो काटकोनात ओलांडा. तिरकं ओलांडणं भाग असेल तर सायकल सरळ उभी ठेवा, त्या क्षणी झुकवू नका.

तिसरं, नजर. डोळे चाकापाशी नकोत, पाचसात मीटर पुढे. वळणावर तर हनुवटीच वळणाच्या शेवटाकडे न्या. मातीचा उचललेला काठ असलेलं वळण, ज्याला बर्म म्हणतात, त्यावर भीतीने आतल्या बाजूला राहू नका. काठावर चढा, तो तुम्हाला धरतो. आणि बोर्डवॉकवर ना ब्रेक, ना वळण. सरळ टोकाकडे बघत, एकाच वेगाने जायचं.

हे झालं की निळ्या ट्रेलची एकच फेरी दोनदा मारा. पहिल्यांदा हळू, जिथे भीती वाटली तिथे थांबून, उतरून, चालत जाऊन बघा. दुसऱ्या फेरीत तीच वाट वेगळी वाटते. नवीन वाटेपेक्षा तीच वाट दुसऱ्यांदा जाण्यात मी जास्त शिकलो आहे.

कोणता ट्रेल आधी

डब्लिनकरांसाठी टिकनॉक सर्वांत जवळचा, सँडीफर्डच्या वर. मात्र लुआस या डब्लिनच्या ट्राममध्ये घडी न होणारी सायकल नेता येत नाही, त्यामुळे गाडी काढा किंवा चढत जा. वरून अख्खी डब्लिन बे दिसते, बंदरावरच्या दोन उंच लालपांढऱ्या धुराड्यांसकट. विकलोत राउंडवुडजवळ बॅलिनास्टो. चढायचा कंटाळा असेल तर ग्लेनकलन आणि रॉस्क्रेजवळ बाइक पार्क आहेत, तिथे पैसे भरले की गाडीतून वर सोडतात. उतार शिकायला हे उत्तम, पण थेट तिथूनच सुरुवात करू नका. आपण चढलो नाही की दिवसभरात पंधरा उतार होतात आणि शेवटच्या दोनात, हात थकलेले असताना, लोक पडतात.

शिकायला मला सर्वांत आवडतो तो स्लीव्ह ब्लूम, देशाच्या मधोमध, लीश आणि ऑफली काउंटींच्या सीमेवर. किनिटी आणि बॉनरी अशा दोन बाजूंनी सुरुवात करता येते. स्लीव्ह म्हणजे आयरिशमध्ये डोंगर. किनिटी गाव अगदी पायथ्याशी आहे, बॉनरीच्या बाजूला मात्र खाणंपाणी सोबत न्या. पश्चिमेला कॉनेमारात उख्तरार्डच्या पुढे डेरूरा आहे, तिथून लॉख कॉरिब हे तळं आणि ट्वेल्व्ह बेन्सचे सुळके दिसतात. स्लायगोकडे कूलेनी.

आणि मग बालीहूरा. लिमरिक आणि कॉर्कच्या सीमेवरचं हे देशातल्या सर्वांत मोठ्या ट्रेल सेंटरपैकी एक, नव्वद किलोमीटरहून जास्त ट्रेल. सर्वांत छोटी ग्रीनवुड फेरी सुमारे ६ किलोमीटर, सर्वांत मोठी कासलपूक पन्नासच्या घरात. फेऱ्या एकीतून दुसरी वाढत जातात, त्यामुळे दम संपला तर लवकर परतायची सोय असते. स्प्रूसच्या अंधाऱ्या रांगांमधून नागमोडी चढ, मग झाडं एकदम संपतात आणि तुम्ही उघड्या माळावर येता. ऑगस्टमध्ये हेदरची जांभळी झुडपं पेडलला घासतात आणि खाली गोल्डन वेल या खोऱ्यातली दुभत्या गाईंची कुरणं पसरलेली दिसतात. याच परिसरात वाढलेला ओशीन ओ'कॅलहन २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या लेओगांगला ज्युनिअर डाउनहिलचा विश्वविजेता झाला. स्थानिक पोरं शाळा सुटल्यावर या उतारांवर येतात. त्यांच्या मागे दोन वळणं राहून बघा, कुठे ब्रेक सोडतात ते दिसेल.

कासलपूकला निघायची माझी कसोटी अशी: सुमारे १७ किलोमीटरची माउंट रसेल फेरी पूर्ण केल्यावर लगेच आणखी एक छोटी फेरी मारायची ताकद उरली पाहिजे. उरत नसेल तर अजून महिनाभर थांबा. डांबरी रस्त्यावरच्या ऐंशी किलोमीटरांशी इथल्या पन्नासची तुलना करू नका, हे दिवसभराचं काम आहे.

व्हिसा असेल तर रॉस्ट्रेव्हरचा लाल ट्रेल, २७ किलोमीटर, नक्की करा. सुरुवातीचा चढ लांबलचक आहे. वर कोडॅक कॉर्नरला पोचलात की खाली कार्लिंगफर्ड लॉख ही खाडी, आणि पाण्यापलीकडे पुन्हा आपलं आयर्लंड.

वेळ, वारा, मदत

जूनमध्ये उजेड सतरा तास असतो, संध्याकाळी सहाला निघूनही फेरी होते. डिसेंबरच्या शेवटी साडेसात तास, चारच्या सुमाराला सूर्य गेलेला असतो. जंगलात त्याआधीच अंधारतं. गाडीतळाचं फाटक किती वाजता बंद होतं ते फलकावर लिहिलेलं असतं, आत जातानाच त्याचा फोटो काढून ठेवा.

पावसाचा बाऊ करू नका, वाऱ्याचा करा. उथळ मुळांची झाडं वाऱ्याने पडतात. २४ जानेवारी २०२५ च्या एओविन वादळानंतर पश्चिमेकडे जंगलांची जंगलं आडवी झाली होती. मेट एरन या हवामान खात्याचा वाऱ्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर जंगलात पाऊल टाकायचं नाही, आणि वादळ गेल्यावरही अर्धवट कललेली झाडं धोक्याचीच. झाडतोडीसाठी ट्रेल बंदची पाटी असेल तर ती मोडू नका. रविवारी काम बंद दिसलं तरी रचलेले ओंडके घरंगळू शकतात.

अपघात झाला तर ११२ किंवा ९९९. डोंगरात असाल तर माउंटन रेस्क्यू हवा असं सांगा. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. नेटवर्क क्षीण असेल तर फोन लागत नाही पण मेसेज जातो, त्यासाठी ११२ ला आधीच नोंदणी करावी लागते. आज घरी बसून 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून ११२ ला पाठवा आणि आलेल्या मेसेजला उत्तर द्या. भारतातून येणाऱ्यांनी प्रवास विम्यात माउंटन बाइकिंग धरलेलं आहे का, ते वाचून घ्या. बऱ्याचदा ते वगळलेलं असतं.

परत आल्यावर

सायकल धुणं इथे नुसती टापटीप नव्हे. लार्च झाडांना मारणारा फायटोफ्थोरा हा रोग २०१० पासून आयर्लंडच्या जंगलांत आहे, आणि तो चिखलातून एका जंगलातून दुसऱ्यात जाऊ शकतो. बालीहूरासारख्या ठिकाणी धुवायची सोय आहे, ती वापरा. बेअरिंगवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. चेन फडक्याने पुसून, वाळवून, ओल्या हवेसाठीचं तेल घाला. ब्रेक पॅड बघा. ग्रॅनाइटच्या रेतीत, पावसात, एका दिवसातही ते अर्धे होऊ शकतात.

आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्यापाशी गोचीड आहे का तपासा. हरणांच्या आणि मेंढ्यांच्या भागात ती चिकटते आणि लाइम रोग देऊ शकते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जा.

बूट हीटरला टेकवू नका, तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, झोपण्याआधी एकदा बदला, सकाळी पुन्हा बदला. रविवारी भिजलेले बूट मंगळवारी कोरडे होतात.